बाळकुमला मी गेले नव्हते

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, आणि त्याची भाकर विकत आणायची नाही असा रिवाज आहे. घरोघरी पाळी लावलेली. ज्या घरची पाळी, त्या घरच्या बाईने सकाळी गव्हाचं पीठ मळायचं, खमीर न घालता जाडसर भाकर तव्यावर शेकायची आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून हॉलवर न्यायची. आता पुरुषही करतात. आमच्यातले एक रिटायर्ड फिटर तर इतकी गोल करतात की बायकांना लाज वाटावी. हॉल डोंबिवलीत, पिठाच्या गिरणीच्या वर आहे. रविवारी गिरणी बंद असते, पण पीठ काही सुट्टी घेत नाही, खुर्च्यांवर बसलेलं असतं. प्रार्थना ऐन रंगात आली की कोणाला तरी शिंक येतेच.

या रिवाजाला एक शेपूट आहे. भाकर ज्याने केली, त्यानेच ती मोडण्याआधी उभं राहून साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे प्रवचन नव्हे. प्रभूने आपल्या घरात, आपल्या माणसांत काय केलं, ते साध्या बोलण्यात पाच मिनिटं सांगायचं. हा नियम माझ्या सासूबाईंनी घातला, कारण ही मंडळी त्यांच्याच कल्याणच्या एका खोलीत सुरू झाली. त्या म्हणायच्या, "पाहिलं असेल तर पाहिलं म्हण. ऐकलं असेल तर कोणाच्या तोंडून ऐकलं ते सांग. मधलं काही चालणार नाही."

हा नियम मंडळीत सगळ्यांना पाठ आहे. नव्या माणसाला मीच शिकवते. आणि मीच तो वर्षानुवर्षं मोडत आले, हे आज लिहायला बसलेय. चौथीत शाळा सुटली माझी. पुढचं वाचायला शिकले ते दुकानांच्या पाट्या आणि गायनाचं पुस्तक यांच्यावर. त्यामुळे लिहिणं माझं बोलण्यासारखंच आहे, सांभाळून घ्या.

तर वर्धापनदिनाच्या रविवारी पाळी कायम आमच्या घरची, आणि साक्ष कायम एकच. मंडळी कशी सुरू झाली त्याची. ती मी अशी सांगायचे.

सासूबाई आणि त्यांची धाकटी जाऊ, म्हणजे माझ्या काकी, या दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघे भाऊ नगरकडून कामासाठी इकडे आलेले, थोरले कल्याणला, धाकटे बाळकुमला. दोन्ही घरं प्रभूची. रविवारी कल्याणला आम्ही पाच-सहा माणसं प्रार्थनेला बसायचो, बाळकुमला ते पाच-सहा. एकत्र कधी नाही. कारण सासूबाईंचं शेवटचं मूल वर्षाचं होऊन गेलं, तेव्हा मातीच्या दिवशी काकी चार माणसांत बोलून गेल्या की आईचं लक्ष नव्हतं. असं बोलणं विसरता येतं का? सासूबाईंना नाही आलं.

मग एका रविवारी आमच्याकडे महिन्यातून एकदा सायकलवर येणारे म्हातारे उपदेशक आले. प्रभूच्या शिष्यांपैकी जो खूप म्हातारा झाला, त्याने मंडळ्यांना लिहिलेलं पत्र त्यांनी वाचलं. आम्ही हे कानांनी ऐकलंय, डोळ्यांनी पाहिलंय, हात लावून बघितलंय, आणि तुम्हाला सांगतोय ते तुम्ही आमच्यात यावं म्हणून, असं तो लिहितो. पुढे हेही लिहितो की भावाचा द्वेष करून देवावर प्रेम आहे म्हणणारा खोटा. सासूबाईंच्या हातात भाकरीचा तुकडा होता. त्यांनी तो ताटात परत ठेवला. म्हणाल्या, "हा माझ्या घशाखाली उतरायचा नाही. तुम्ही थांबा." आणि पदर खोचून निघाल्या.

इथपर्यंत सगळं खरं. इथून पुढे मी म्हणायचे, "मी त्यांच्याबरोबर गेले. भिवंडीवरून जाणारी बस पकडली, बाळकुम नाक्यावर उतरलो. काकी दारात बोंबील साफ करत होत्या. सासूबाईंनी वाकून त्यांचे पाय धरले. काकींच्या हातातून बोंबील गळून पडले. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं." मग दोघी हातात हात घालून कल्याणला आल्या, उपदेशक तोवर वाट बघत बसलेले, आणि सगळ्यांनी एका भाकरीतून खाल्लं. त्या दिवसापासून दोन घरांची एक मंडळी झाली.

बोंबील गळून पडले या जागी हॉलमध्ये बायका डोळे पुसायच्या. मला ते दिसायचं. खोटं कशाला बोलू, मी तिथे जरा थांबायचे.

आता नातीचं. मोठ्या मुलाची मुलगी, एकोणीस वर्षांची, कॉलेजात. लहानपणी आईबापांनी बाप्तिस्मा दिला, पण मोठेपणी स्वतःच्या तोंडाने हो म्हणावं लागतं. मंडळीसमोर उभं राहून विश्वास कबूल करायचा, मग भाकरीत वाटा. या वर्धापनदिनाला ती उभी राहणार होती. मी तर साडीही काढून ठेवलेली. शिवाय तिने एक काम अंगावर घेतलेलं. मंडळीतल्या जुन्या माणसांच्या साक्षी फोनवर शूट करायच्या आणि त्या दिवशी पडद्यावर दाखवायच्या. त्यासाठी ती एका शनिवारी बाळकुमला काकींकडे गेली. काकी आता नव्वदीला टेकल्यात, पण डोकं शाबूत.

दुपारी परत आली. चप्पल काढली, पाणीसुद्धा प्यायली नाही, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आजी, बोंबील कुठून आले?"

"कुठले बोंबील? आज मेथी केलीय."

"आजचे नाही. तुझ्या साक्षीतले."

माझ्या हातात लाटणं होतं. ते मी उगाच पुसायला घेतलं. तिने फोन ओट्यावर ठेवला आणि चालू केला. काकींचा आवाज, मागे लिफ्टची घंटी.

"बोंबील? अगं, कोणी सांगितलं तुला? मी न्हात होते. रविवार, डोक्यावर शिकेकाई, डोळे घट्ट मिटलेले. मोरीच्या पायरीवर बसलेली. कोणीतरी पाय धरले. मला वाटलं, आमची पोरगी. म्हटलं सोड गं, घसरून पडेन. सोडेना. डोळे उघडावेत तर झोंबतंय. मग हात खाली नेला, चाचपलं, तर करंगळी वाकडी लागली. जात्यात सापडून वाकडी झालेली करंगळी. आमच्या घरात तशी एकीचीच होती. डोळे न उघडताच मला कळलं कोण आलंय ते."

मग माझ्या नातीचा आवाज. "आणि माझी आजी कुठे उभी होती?"

"तुझी आजी? ती कशाला असेल? ती तर रुसून शहाडला माहेरी गेलेली." आणि काकी हसल्या. वाईट नाही हसल्या. पोरींच्या जुन्या खोड्या आठवून हसतात तशा.

नातीने फोन बंद केला. "खरंय?"

मी म्हटलं, "हो."

"पूर्ण खरं?"

"पूर्ण खरं."

आणि होतंच ते. त्या रविवारी सासूबाई निघाल्या तेव्हा दारात मी आडवी उभी राहिले. कडेवर सहा महिन्यांचा मुलगा. म्हटलं, "तुमचं मूल गेलं ते तुमच्यामुळे, असं जी बोलली तिच्या पाया पडायला निघालात? जात असाल तर मी या घरात राहणार नाही." भांडण त्यांचं होतं, पण लग्न होऊन आल्यापासून ऐकून ऐकून मी ते माझं करून टाकलेलं. सासूबाईंनी माझ्या बाजूने वाट काढली आणि गेल्या. मी पिशवीत चार लंगोट भरले आणि शहाडला आईकडे निघून गेले. तिसऱ्या दिवशी आईनेच हाकलली. परत आले तर आमच्या खोलीत दोघी जावा एका सुपात तांदूळ पाखडत बसलेल्या, एकीने खडे वेचायचे, दुसरीने फुंकायचं. मी पाहिलं ते हे. एवढंच.

"मग खोटं का सांगितलंस?" नात म्हणाली.

काय सांगू? एका दिवसात झालं असतं तर सांगता आलं असतं. सासूबाई होत्या तोवर साक्ष त्याच द्यायच्या. त्या गेल्यावर माझ्याकडे आली. पहिली काही वर्षं मी व्यवस्थित "सासूबाई सांगायच्या" असं म्हणून सांगत होते. मग एकदा बाहेरून पाहुणे पाळक आलेले. साक्ष संपल्यावर त्यांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "आपण होतात तिथे?" इतक्या आदराने विचारलं की माझी मान आपोआप हलली. पुढच्या वर्षी लोक म्हणाले, आजी तिथे होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी मी म्हणाले. एकदा तिथे उभी राहिल्यावर काहीतरी दिसायला नको का? खाडी जवळ, म्हणून बोंबील आले. आणि शहाड गळून गेलं.

हे मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा बंद झालेला. मग ती जे बोलली ते सुरीसारखं लागलं मला.

"आजी, तू स्वतःच्या घरातली गोष्ट इतकी बदललीस. आणि तू काही वाईट माणूस नाहीस. मग त्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी पाहिलं म्हणून जे सांगितलं, त्यात किती बोंबील असतील?"

मी लाटणं ओट्यावर ठेवलं.

"मी उभी राहणार नाहीये वर्धापनदिनाला," ती म्हणाली. "पप्पांना मी सांगते. मला नाटक नाही करायचं." आणि आत जाऊन दार लावलं.

मेथी करपली.

दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. मुलगा म्हणाला, "आई, एवढं काय? एक शब्द इकडेतिकडे. तिला मी समजावतो." म्हटलं, "एक शब्द नाही रे, मी आख्खी मी घुसवली त्यात." पाळकसाहेब आले, चहा झाला. भले गृहस्थ आहेत, वय चाळीसही नसेल. म्हणाले, "आजी, गाभा तर खरा आहे ना? सासूबाई गेल्या, पाय धरले, मंडळी झाली. लोकांना त्यातून किती बळ मिळतं. आता वर्धापनदिनी सगळ्यांसमोर हे काढायचं म्हणजे... त्यापेक्षा या वर्षी दुसऱ्या कोणाला साक्ष देऊ दे. हळूच बदलून टाकू."

"हळूच बदललं म्हणूनच इथवर आलं, साहेब," मी म्हटलं. "भाकर माझी, साक्षही माझी. मी उभी राहणार."

"पण लोक काय—"

"लोकांचं लोक बघतील. माझी नात उभी राहत नाहीये."

पाळकांनी कप खाली ठेवला. जाताना दारात म्हणाले, "मी तुमच्या बाजूने असेन." हे मी विसरणार नाही.

त्या दोन दिवसांत मी एक केलं. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, शिष्यांनी सांगितलेलं सगळं पुन्हा वाचलं. बोट ठेवल्याशिवाय मला अजून वाचता येत नाही. इतक्या वर्षांत कितीदा वाचलंय, पण या वेळी एकच शोधत होते. हे लोक स्वतःबद्दल काय सांगतात?

आणि बघा, मला घाम फुटला. त्यांच्यातला जो सगळ्यांचा पुढारी, तो शेकोटीपाशी एका दासीसमोर घाबरला आणि मी त्याला ओळखत नाही म्हणाला, तीनदा. ते त्यांनी ठेवलंय. प्रभूला धरलं तेव्हा बाकीचे पळून गेले. ठेवलंय. कबरेपाशी आधी बायका गेल्या, धावत येऊन सांगितलं, तर या मोठ्या मोठ्या पुरुषांना ती बडबड वाटली. तेही ठेवलंय! एकजण तर म्हणाला, मी जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. त्यालाही ठेवलाय, बाहेर नाही काढला. मंडळ्या वाढत होत्या, लोक त्यांच्या शब्दावर येत होते. हे सगळं हळूच गाळायला त्यांना कोणी अडवलं होतं? मी असते तर गाळलं असतं. असते कशाला, मी गाळलंच. माझी लाज शहाडला होती, ती मी पुसली आणि तिच्या जागी बोंबील ठेवले. या लोकांनी आपली लाज जिथल्या तिथे राहू दिली.

हे मी नातीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आजी आता वकिली करतेय. मी वेगळं केलं. बुधवारी सकाळी तिचं दार वाजवलं.

"कपडे कर. बाळकुमला जायचंय."

"कशाला?"

"मला एकदा तरी खरंच जायचंय."

ती हसली नाही, पण आली.

माणकोलीचा नवा पूल झाल्यापासून रिक्षा पाऊण तासात ठाण्याच्या बाळकुमला टेकते. काकींची चाळ, मोरी, पायरी, काही उरलेलं नाही. मिठागरावर काम करणाऱ्यांची घरं होती आजूबाजूला, तिथे आता टॉवर. काकी चौदाव्या मजल्यावर नातवाकडे राहतात. लिफ्टमध्ये माझ्या कानांना दडे बसले.

काकी खिडकीशी खुर्चीवर. मला बघून म्हणाल्या, "आलीस का? चला, या वेळी तरी आलीस!"

नात खुदकन हसली. मीही हसले, आणि मग रडले. काकींनी माझा हात ओढून मांडीवर घेतला.

"तुम्ही इतकी वर्षं हॉलमध्ये बसून ऐकत होता," मी म्हटलं. "एकदा तरी बोलायचं होतंत."

"काय बोलू? मला वाटायचं, पोरीला तिथे असायला हवं होतं असं आता वाटतंय, म्हणून सांगतेय. सांगू दे." मग नातीकडे बोट दाखवलं. "पण हिने सरळ विचारलं. तिला काय खोटं सांगू?"

"नाही. बरं केलंत. आता मला सांगा. पहिल्यापासून. मी ऐकायला आलेय."

काकींनी सांगितलं. शिकेकाई, पायरी, करंगळी. आणि एक गोष्ट, जी मला आजवर माहीत नव्हती. सासूबाई माफ कर असं म्हणाल्याच नाहीत. मी तुला माफ केलं असंही नाही. म्हणाल्या, "धाकटे, माझ्या घशाखाली भाकर उतरत नाही. चल." काकी ओल्या केसांनी तशाच निघाल्या. बसमध्ये केसांतून शिकेकाईचं पाणी गळत होतं, शेजारची बाई सरकून बसली. कल्याण येईपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. उतरताना काकी म्हणाल्या, "बाळाचं मी बोलायला नको होतं." सासूबाई म्हणाल्या, "नको होतं." झालं.

"एवढंच?" नात म्हणाली.

"एवढंच. तुला काय गाणं पाहिजे होतं?"

नातीने फोन बाहेर काढलाच नव्हता. ती काकींच्या पायाशी बसून त्यांच्या हातांकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हाला नक्की आठवतंय? म्हणजे इतकी वर्षं झाली."

काकींनी तिचा हात घेतला, तिची करंगळी दोन बोटांत धरून वाकवली. "अशी," म्हणाल्या. "अजून लागते हाताला."

रविवारी सकाळी मी भाकर केली. भाकर चांगली फुगली. काकींचा नातू त्यांना गाडीने घेऊन आला. तिघांनी धरून जिना चढवला. पहिल्या रांगेत बसवलं. माझी नात शेवटच्या रांगेत, दाराजवळ, निघून जायला सोपं अशा जागी.

मी उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली. म्हटलं, "ही साक्ष तुम्ही माझ्याकडून बरीच वर्षं ऐकलीय. त्यात एक माणूस जास्त होतं, ते मी आज काढणार आहे. ते माणूस म्हणजे मी. बाळकुमला मी गेले नव्हते." मग सगळं सांगितलं. दारात आडवी उभी राहिले ते, काय बोलले ते, चार लंगोट, शहाड. पाहुण्या पाळकांसमोर मान हलली ते. आणि मग, नियमाप्रमाणे: "पुढचं मी पाहिलेलं नाही. ते काकींच्या तोंडून ऐकलंय, या बुधवारी." आणि शिकेकाईपासून सांगितलं. शेवटी म्हटलं, "मी स्वतः पाहिलं ते इतकंच, की तिसऱ्या दिवशी दोघी एका सुपात तांदूळ पाखडत होत्या. आणि मी दारात दिसल्यावर सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. सूप जरा सरकवलं आणि मला बसायला जागा केली."

हे शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. बोलता बोलता आठवलं. इतकी वर्षं बोंबलांखाली दबून गेलेलं.

कोणी डोळे पुसले नाहीत. मग आमच्या कमिटीतले एक गृहस्थ, मोठा आवाज, ते बसल्या जागेवरून म्हणाले, "म्हणजे आजवर आम्ही काय ऐकत होतो? उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल आमचंही बदला."

"बदलावं की," पुढच्या रांगेतून काकी म्हणाल्या. "ज्याचं चुकलंय त्याने बदलावं. आणि माझ्या पायांचं विचारायचं असेल तर मी अजून बसलेय, मला विचारा. मी गेल्यावर विचारायला याल तर कोणाला विचाराल?"

दोन बायका हसल्या.

दिवा स्टेशनजवळून येणारी एक बाई आहे आमच्यात. नळाला पाणी आलं नाही तर टँकरची वाट बघत बसते आणि उपासनेला उशिरा येते, पण येते. ती उभी राहिली. मी मनातून तिलाच घाबरत होते, कारण सात वर्षं तुटलेल्या बहिणीकडे ती माझी साक्ष ऐकूनच गेलेली. म्हणाली, "आजी, मी तुमच्या शब्दावर बहिणीकडे गेले होते."

"माहितीय, बाई."

"तुम्ही गेला नव्हता म्हणताय."

"नव्हते गेले. सासूबाई गेल्या होत्या. तू त्यांच्या मागे गेलीस, माझ्या नाही. माझ्या मागे आली असतीस तर शहाडला पोचली असतीस."

मग म्हणाली, "मी पण आधी दोनदा नाक्यावरून परत आलेले. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं." आणि खाली बसली.

पाळकांनी भाकर मोडली. ताट फिरलं. मी तुकडा घेतला आणि तो घशाखाली उतरला. काकींनी घेतला. दिव्याच्या बाईने घेतला. त्या मोठ्या आवाजाच्या गृहस्थांनीही घेतला, जरा उशीर लावून. ताट शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. माझ्या नातीने ते शेजारच्याकडून घेतलं, त्यातलं काही घेतलं नाही, दोन्ही हातांनी धरून पुढे दिलं. ती उभी राहिली नव्हती, तिचा वाटा नव्हता. मी मान फिरवून बघत होते आणि बघायला नको होतं. मनात म्हटलं, म्हातारे, तू हे तिला उभं करायला केलं असशील तर तेही एक नाटकच. खरं सांगायचं होतं, सांगितलंस. बस.

उपासना संपली. चहा, बिस्किटं. मी भाकरीचं फडकं घडी करत होते. नात आली, पाळकसाहेबांना म्हणाली, "पुढच्या महिन्याची भाकर कोणाकडे आहे?"

"फिटर काकांकडे. का गं?"

"मला द्याल?"

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं, मी फडक्याकडे. ते म्हणाले, "भाकर करायची म्हणजे आधी मंडळीसमोर उभं राहावं लागेल. आणि साक्षही द्यावी लागेल."

"माहितीय मला. इथेच वाढलेय मी." मग म्हणाली, "पण मी पाहिलंय तेवढंच सांगणार. फार नाहीये ते."

"चालेल," पाळक म्हणाले.

फिटर काकांनी पाळी सोडली. वर बजावलं, "तवा आधी चांगला तापवायचा पोरी. नाहीतर चिकटते."

काल ती सरावाला बसली. पीठ परातीत घेतलं, बाही वर केली. पहिल्यांदा पाणी जास्त झालं, दुसऱ्यांदा पीठ. मी स्टुलावर बसून बघत होते, तोंड बंद ठेवून. मला ते किती जड जातं हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

"मीठ किती घालायचं?" तिने विचारलं.

"घालायचं नाही."

"का?"

"सासूबाई घालत नव्हत्या."

तिने मळायचं थांबवलं आणि भुवई वर करून माझ्याकडे पाहिलं. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी पाहिलंय. शेजारी बसून, या डोळ्यांनी."

"नक्की?"

"नक्की. मळ."